दोन दोऱ्यांची शीव

हळद शिजायला लागली की मला घरात बसवत नाही. माघ सरता सरता वसमतच्या चहूकडच्या मळ्यांतून तो वास सुटतो, मातकट, थोडा कडसर, वाफेनं ओला झालेला. पुतण्याच्या मळ्यात काहील चुलाणावर चढली की मी काठी घेतो आणि निघतो. सूनबाई म्हणते, मामंजी, धूर डोळ्याला झोंबतो, काहून जाता? तिचं बरोबर आहे. डोळ्यांतून पाणी येतंच. ते धुरानंच येतं, असं मी तिला सांगतो.

यंदा काहिलीजवळ बाजेवर बसलो होतो, तर पुतण्याची मुलगी मीरा शेजारी येऊन टेकली. ती हिंगोलीच्या एका सरकारी कचेरीत नुकतीच शिकाऊ म्हणून लागली आहे, आणि पहिल्याच महिन्यात साहेबावर वैतागली आहे. साहेब कसा बोलतो, कसा ताटकळत ठेवतो, हे सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, आबा, तुमच्या वेळी साहेब कसे असायचे हो? मी म्हणालो, तुझ्या साहेबासारखेच, फक्त टोपी मोठी. ती हसली आणि वाफाळलेली हळकुंडं पसरायला उठून गेली. प्रश्न मात्र माझ्यापाशी ठेवून गेली. म्हातारपणी हे असंच होतं. पोरं विचारून मोकळी होतात आणि आपण दिवसभर मनातल्या मनात उत्तर देत बसतो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. लांब कुठंतरी मोठी लढाई चालली होती आणि आम्हाला तिचा पत्ता एवढाच, की घासलेट मिळत नव्हतं. मी वसमतला जनावरांच्या दवाखान्यात उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे बिनपगारी शिकाऊ. बाटल्या धुवायच्या, बैल पाडला की पाय धरायचे, साहेबांची छत्री सांभाळायची, रात्री कंदिलापाशी उर्दू अक्षरं घोटायची, आणि आज ना उद्या जागा निघेल या आशेवर घरचं खाऊन सरकारची चाकरी करायची. आई शेजारणींना सांगायची, लेकराला नोकरी लागली, आता फक्त पगार लागायचा राहिलाय.

उमेदवाराला दुसरं काही समजो न समजो, साहेब बरोबर समजतो. दिवसभर त्याच्या तोंडाकडं बघत राहायचं, कारण आपलं नशीब त्याच्या मर्जीत. मी लागलो तेव्हाचे साहेब आवाजाचे होते. ते गावात शिरायच्या आधी त्यांचा आवाज शिरायचा. तो ऐकला की लोक जनावरं घेऊन मागच्या अंगानं रानात पसार व्हायचे आणि साहेब रिकाम्या गोठ्यांना दम देऊन परत यायचे. मला वाटायचं, साहेबी म्हणतात ती हीच. मीसुद्धा एकदा घरात आरशासमोर तसा आवाज काढून बघितला. आईनं आतून विचारलं, पोटात दुखून राहिलं का रे?

मग नईम साहेब आले. बिदरकडचे, ठेंगणे, दमेकरी. आवाज इतका खाली की ऐकायला पुढं वाकावं लागायचं. गावात गेले की सगळ्यांसमोर आधी हात धुवायचे, साबण लावून, सावकाश. मग जनावराजवळ जाऊन मालकाला विचारायचे, इसका नाम क्या? मोऱ्या, म्हणायचा मालक. मग साहेब मोऱ्याच्या मानेखाली खाजवत त्याच्याशी चार गोष्टी बोलायचे, आणि मालकाची पाळी त्यानंतर यायची. त्यांची दखनी आणि आमची मराठी, दोन्हींची कुठंतरी मध्ये भेट व्हायची आणि काम भागायचं. खरं सांगायचं तर मला ते साहेबच वाटेनात. जो माणूस कुणावर ओरडत नाही, त्याचं वर कोण ऐकणार आणि माझी जागा कधी निघणार, हीच काळजी मला लागून राहिली होती.

त्या वर्षी हळदीचा हंगाम ऐन भरात असताना शिरड शहापूरच्या अलीकडच्या एका गावात बुळकांडी लागली. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांच्या नातवंडांशी माझं अजून जाणं-येणं आहे. बुळकांडी म्हणजे काय, हे आताच्या पोरांना ठाऊक नाही, ते फार बरं झालं. जनावराच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागायचं, तोंडात फोड यायचे, मग हगवण, आणि बघता बघता दावणच्या दावण रिकामी. वैरण तशीच पडलेली असायची आणि खायला तोंड नसायचं. गोठ्यात शेणाचा वास हवा तिथं दुसराच वास यायचा. तो मी वर्णन करून सांगणार नाही.

गावचे पाटील जवळा बाजारच्या बाजारातून नवी गाय घेऊन आले होते आणि तिच्यापासून सुरुवात झाली, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायचं मात्र असं, की तांड्याच्या ढोरांनी रोग आणला.

तांडा ओढ्यापलीकडच्या माळावर होता. एकेकाळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलखामुलखांतून फिरणारी ही माणसं. आता थोडीशी खडकाळ शेती आणि हंगामात गावची हळद गाड्यांनी वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे आडत बाजारात, पोचवायची, यावर त्यांचं वर्ष निघायचं. गावाची हळद त्यांच्या बैलांवर आणि त्यांची चूल गावाच्या हळदीवर. गायरान एक, पाणवठा एक. गावकऱ्याचा बैल मेला तर त्याच्याजवळ जमीन तरी राहते. तांड्याचे बैल गेले असते तर तांड्याजवळ नुसता माळ उरला असता. हे मी आज सांगतो आहे तसं मला तेव्हा उमगलं होतं, असं समजू नका. मला तेव्हा फक्त माझी जागा दिसत होती.

इलाज एकच, रोग व्हायच्या आत लस टोचायची. लस रेल्वेनं बर्फात यायची आणि बर्फ आहे तोवरच तिच्यात जीव. नईम साहेबांनी गावच्या चावडीत मुक्काम टाकला आणि मला पेटी आणायला वसमतला पाठवलं. सरकारनं माझ्यावर सोपवलेलं ते पहिलं खरंखुरं काम. स्टेशनावर भुशात पुरलेली बर्फाची पेटी ताब्यात घेतली, पण गाडीवान मिळेना. बुळकांडीच्या गावाकडं कोण आपले बैल हाकील? शेवटी मोंढ्याजवळ सोमला नाईक भेटला. त्या तांड्याचाच नाईक, वयानं माझ्या वडलांएवढा. रोग लागायच्या आधीच हळद घेऊन आला होता आणि रिकामी गाडी घेऊन परत निघाला होता. त्याला गावात काय झालं ते सांगितलं. तो बराच वेळ बैलांकडं बघत राहिला. वसमतला ओळखीच्याकडं बैल बांधून तो एकटा पायी जाऊ शकला असता, आणि मीच असतो तर गेलो असतो. पण मग पेटी कशी जाणार? पेटी माझ्या हातून घेऊन त्यानं गाडीत कडब्यावर ठेवली, तिच्यावर ओलं पोतं टाकलं आणि पोत्यावर स्वतःची घोंगडी.

ती वाट मला अजून पाठ आहे. दोन्ही अंगांना मळ्यांमध्ये काहिली रटरटत होत्या, खळ्यांवर पिवळ्या हळदीच्या चादरी पसरलेल्या, पळस पेटलेला. कुठं बाया हळकुंडं निवडत गात होत्या. इतक्या सुंदर दिवशी जनावरं मरत असतील, हे खरं वाटत नव्हतं. सोमला बैलांशी त्याच्या बोलीत बोलत होता. एकाचं नाव चांद्या, दुसऱ्याचं हौश्या, एवढं मला समजलं. चांद्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता आणि चालताना तो मालकाच्या बोलण्याला कान हलवून उत्तर द्यायचा. गाडीमागं धुळीत बर्फाच्या पाण्याच्या थेंबांची ओळ पडत होती. मी मागं वळून वळून बघत होतो. ओळ जरा दाट झाली की मी पेटीवरचं पोतं सारखं करायचो.

उन्हं कलली तेव्हा आम्ही ओढ्याशी पोचलो आणि तिथंच थांबलो, कारण गावानं त्या दिवशी शीव बांधली होती.

ही आमच्याकडची जुनी रीत. जनावरांत रोग आला की एक दिवस गावात चूल पेटत नाही, जातं फिरत नाही. उपाशी राहून नव्यानं वळलेल्या दोरीला कडुलिंबाचा पाला आणि नारळ बांधतात आणि ती वाटेवर आडवी ताणतात. गावची सगळी जनावरं एकदा तिच्याखालून काढायची. त्यानंतर दोरी उतरेपर्यंत खूर आत येत नाही, खूर बाहेर जात नाही, आणि दोरीबाहेर गेलेलं माणूसही बाहेरच राहतं. रोगासाठी म्हणून हातभर लांबीचा लाकडी गाडा करतात, त्यात लिंबू, हळदकुंकू ठेवतात आणि शिवेबाहेर नेऊन सोडतात आणि रोगाच्या देवीला सांगतात, की बाई, आता तू तिकडं जा. गावानं साहेबांना विचारलं होतं आणि साहेब खूशही झाले होते. जनावरांची ये-जा बंद करा, हेच तर खातं घसा कोरडा करून सांगत होतं. शिपाई पाठवून जे जमत नाही ते गाव आपणहून करत असेल, तर कोण नको म्हणेल? त्यांनी सांगितलं, बांधा.

दोरी ओढ्याच्या गावाकडच्या काठावर होती. आणि अलीकडच्या काठावर, आमच्या बैलांच्या पुढ्यात, तो लाकडी गाडा ठेवलेला होता. तोंड तांड्याकडं.

सोमलानं कासरा ओढला. खाली उतरला. गाड्याकडं बघितलं, मागं वळून माळावरच्या आपल्या झोपड्यांकडं बघितलं, आणि चांद्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. मी हाका मारल्या तसे पलीकडून साहेब आले, पाटील आले, मागं निम्मं गाव आलं. पाटील म्हणाले, पेटी उचलून दोरीवरून आत द्या, गाडी-बैल तिकडंच राहू द्या. रीतीनं ते बरोबरच होतं. मी पेटीला हात घातला. तेवढ्यात सोमला बोलला. आवाज चढवला नाही.

"साहेब, आमी कोण्या बाजूचे?"

साहेबांना आधी समजलंच नाही. ते पाटलांकडं वळले. "पाटील, तांडा अंदर है ना?"

"तांडा काहून आत येईल, साहेब?" पाटील खरोखर चकित झाले होते. "शीव पहिल्यापासून ओढ्यालाच हाय."

पाटील वाईट माणूस नव्हते. मी त्यांना पुढं कितीतरी वर्षं पाहिलं. त्यांच्या मनात तांड्याबद्दल काळंबेरं नव्हतं. त्यांच्या मनात तांडाच नव्हता.

साहेबांनी दोरीकडं बघितलं, मग गाड्याकडं, मग गाड्याचं तोंड ज्या दिशेला होतं तिकडं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. उमेदवार म्हणून मला पुढचं पाठ होतं. साहेबाची चूक झाली की साहेब कुणावर तरी ओरडतो, आणि ज्याच्यावर ओरडतो त्याची ती चूक होते. सगळ्यांत जवळ मी होतो. मी मान खाली घालून तयार झालो.

साहेब दोरीखालून वाकले. पाटील घाईनं म्हणाले, बाहेर गेलात तर दोरी उतरेपर्यंत तुम्हाला आत घेता येणार नाही. साहेब म्हणाले, हौ, मालूम है. बूट न काढता ओढ्याच्या पाण्यातून ते अलीकडं आले आणि धापा टाकत सोमलासमोर उभे राहिले.

"गलती मेरी है, नाईक. मैं पूछाच नईं."

हे त्यांनी गावाच्या देखत म्हटलं. सरकारी तोंडातून असं वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि नंतरच्या सगळ्या नोकरीत फार वेळा ऐकलं, असंही नाही. मला त्या क्षणी त्यांची लाज वाटली. वाटलं, संपलं, आता या माणसाला कोण साहेब म्हणेल? दोन्ही काठांवर कुणी हसलं नाही. सोमलानं पागोटं नीट केलं आणि बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

मग प्रश्न आला त्या लाकडी गाड्याचा. तो वाटेत होता आणि त्याला हात लावायला कुणी धजेना. जो हात लावील त्याच्या घरी रोग जातो, अशी समजूत. सोमलासुद्धा दोन पावलं मागं सरला. साहेब खाली वाकले, गाडा उचलून काखेत धरला आणि म्हणाले, ये सरकारी है, मेरे पास रहेगा. शिवेबाहेर टाकलेल्या वस्तूवर गाव काय बोलणार?

तांड्यात एका पळसाखाली सोमलाची बाज टाकली, तेच आमचं मेज. गाडा बाजेच्या पायाशी. सोमलाची बायको धापाबाई पाण्याची घागर घेऊन आली. साहेबांनी हात धुतले, साबण लावून, सावकाश, आणि विचारलं, इसका नाम क्या? चांद्या. मग हौश्या. मग माळावर चरायला गेलेली एकेक दावण येत गेली. मी शिंगं धरत होतो, धापाबाई नावं सांगत होती, पळसाची फुलं टपटप अंगावर पडत होती. दिवस मावळेपर्यंत तांडा टोचून झाला. निम्मी लस उरली होती, बर्फ मात्र निम्मा उरला नव्हता.

ती संध्याकाळ मला नीट आठवते. ओढ्यापलीकडं गावातून दूध काढतानाचे आवाज येत नव्हते. त्या दिवशी पाटलांच्या गोठ्यात आणखी एक गाय बसली होती, ती उठली नव्हती. मी साहेबांना म्हटलं, तहसिलीतून हुकूम आणू, दोरी सोडायला लावू, उद्या दुपारपर्यंत पेटीत नुसतं पाणी राहील. साहेबांना दम लागला होता. छाती चोळत ते बसले होते. श्वास जागेवर आल्यावर बोलले.

"नक्को मियाँ. हुकूम दिया तो रस्सी सरकार की हो जाती. सरकार की रस्सी कोई भी काटता."

मग काय करायचं, मी विचारलं. ते म्हणाले, बैठना. आणि बसले. वितळत्या बर्फाच्या पेटीशेजारी हातावर हात ठेवून बसणं हे काय काम आहे, असं मला वाटत होतं. पुढं मी स्वतः साहेब झालो तेव्हा समजलं, की ओरडणं त्यापेक्षा फार सोपं असतं.

सकाळी पाटील दोरीपाशी आले. त्यांच्याबरोबर काशीआत्या होत्या. पाटलांची आत्या, बालविधवा, गावातले सगळे वार, उपास आणि रीती त्यांच्या जिभेवर. शीव कुणी, कधी, कशी बांधायची हे त्या सांगत आणि पाटील करत. पाटलांनी विचारलं, आमच्या ढोरांचं काय, साहेब? साहेबांनी ओढ्याच्या अलीकडूनच हात जोडले. रस्सी तुमची आहे, म्हणाले, तुम्ही सांगा. बाकी काही बोलले नाहीत. दम दिला नाही, उपदेश केला नाही, तांड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पाटील पेटीकडं बघत होते. तिच्याखालची माती भिजून काळी झाली होती.

गावाला तांड्याचा पुळका आला नव्हता, हे मला साफ सांगायचं आहे. गावाला भीती वाटत होती. खूर बाहेर जाऊ शकत नव्हता, साहेब आत येऊ शकत नव्हते, आणि दोरी सोडली तर देवी कोपणार. यातून सुटायला एकच वाट होती आणि ती काशीआत्यांना पहिल्यांदा दिसली. त्या माळाकडं हात करून पाटलांना म्हणाल्या, "शीव काय आपल्या पायानं चालती का? माणसंच नेतात तिला. न्या पुढं."

पण दोरी पुरेना. ओढ्याच्या काठाला पुरली होती, ती तांड्याला वळसा घालून कशी पुरणार? नवी वळायला वेळ नव्हता. तेव्हा धापाबाई झोपडीतून तागाच्या दोरीचं वेटोळं घेऊन आली. तांड्यातल्या बाया दोऱ्या वळण्यात तरबेज, बैल लादायच्या काळापासूनची त्यांची ती कला. काशीआत्यांनी मान हलवली. शिवेची दोरी उपाशी पोटी वळलेली लागते, म्हणाल्या, कोणतीही चालत न्हाई.

धापाबाई ओढ्याच्या मध्यापर्यंत आली. "काल तुमचा गाडा आमच्याकडं तोंड करून ठेवला, तवापासून आमच्यातबी चूल पेटली न्हाई, आत्याबाई. त्याच उपासात वळली."

काशीआत्यांनी गावची दोरी काठावरच्या बाभळीवरून सोडवून घेतली आणि लुगडं सावरत पाण्यात उतरल्या. दोन दोऱ्यांची गाठ मारायला चार हात लागतात. कुणाचा हात कुणाला लागू द्यायचा नाही म्हटलं तर गाठ बसत नाही. त्या दोघींनी ती गाठ कशी मारली, हे मी बघत होतो. नईम साहेब मात्र तिकडं पाठ करून साबणानं हात धुवत होते.

दोरी तांड्याला वळसा घालून पलीकडच्या खैराला बांधली गेली. गावची जनावरं ओढा ओलांडून पळसाखाली आली. पेटीतलं पाणी बोटाला गार लागत होतं तोवर आम्ही टोचत राहिलो. तो लाकडी गाडा साहेबांनी पाटलांना विचारून, पाटील आणि सोमला दोघांदेखत ओढ्याच्या वाळूत पुरला.

सगळी जनावरं वाचली नाहीत. गावातली काही आधीच आजाराच्या वाटेला लागली होती. तांड्यात एकच गेला, चांद्या. परतल्या दिवशी पाणवठ्यावर त्याला रोग चिकटला असावा, लस अंगात भिनायच्या आत. वसमतला राहिला असता तर जगला असता. साहेब त्या दिवशी तांड्यात सोमलाशेजारी जमिनीवर बसून होते. आम्ही निघताना सोमला एवढंच म्हणाला, तुमी नाव इचारलं होतं त्याचं. त्यावर साहेबांनी मान वळवली आणि मलाही तिकडं बघवलं नाही.

आता इथं पाटलांनी सोमलाला आपला बैल दिला असं लिहिलं असतं, तर गोष्ट गोड झाली असती. दिला नाही. सोमलानं हौश्याच्या जोडीला कुणाचा तरी म्हातारा बैल उसना घेऊन हंगाम काढला. शीव तांड्यापलीकडं गेली तरी पाटलांच्या ओसरीवर सोमलाची चहाची वाटी वेगळीच राहिली, ती पुढं बरीच वर्षं. दोरी एक गोष्ट बांधते, सगळ्या बांधत नाही. पण पुढच्या साथीला गावानं गाडा केला तेव्हा तो कुठल्या वाटेनं न्यायचा, हे ठरवायला सोमलाला बोलावणं आलं. एवढं झालं.

नईम साहेबांची लवकरच बदली झाली. मग राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, टोप्या बदलल्या. ते कुठं गेले, त्यांचा दमा त्यांना किती वर्षं पुरला, मला ठाऊक नाही. माझी जागा निघाली, मी रिटायर होईतो गावोगाव फिरलो. कोणत्याही गावात गेलो की आधी हात धुवायचो आणि मग विचारायचो, तुमच्यातलं कोण दोरीबाहेर राहिलं? लोक म्हणायचे, कुणी न्हाई. मी म्हणायचो, पुन्हा एकदा बघा. बहुतेक वेळा कुणीतरी निघायचंच. आता बुळकांडी दिसत नाही. माझ्या हातांना फिनाइलचा वास येतो असं मला अजून वाटतं, मीरा म्हणते, येत नाही.

काहिलीपाशी तिनं विचारलेला प्रश्न डोक्यात घेऊन मी परवा एस.टी.नं त्या गावाला गेलो. मीराला सुट्टी होती, ती बरोबर आली. आता रोग नसला तरी हळद शिजली की वर्षातून एकदा गाव शीव बांधतं. ओढ्यावर पूल झालाय. पुलापलीकडं, तांड्याची पक्की घरं ओलांडून थेट शेवटाला, दोरी ताणणं चाललं होतं. एक पोक्त बाई तागाच्या दोरीचं वेटोळं घेऊन उभी होती, सोमलाची नातसून. गावातली एक बाई अंबाडीची दोरी घेऊन आली. दोघी बोलत बोलत गाठ मारत होत्या, मोंढ्यातल्या भावाबद्दल काहीतरी चाललं होतं त्यांचं. गाठ बसल्यावर पाला बांधायला लागल्या.

मी नातसुनेला विचारलं, बाई, दोन दोऱ्या कशाला? एकच लांब दोरी का घेत नाही?

"एका दोरीची शीव धरत न्हाई, बाबा," ती म्हणाली. "एक गावची, एक तांड्याची. तशीच रीत हाय."

"कुणी घालून दिली?"

"कुणी घालून देईल? पहिल्यापासूनच हाय."

मी व्हय म्हणालो. काय सांगणार होतो? साहेबांचं नाव तिथं कुणाला ठाऊक नव्हतं आणि ते असायला हवं होतं असंही मला वाटलं नाही. दोरीखालून वाकून आम्ही दोघं परत रस्त्याला लागलो.

एस.टी.त बसल्यावर मीरा म्हणाली, आबा, तुम्ही सांगितलंच नाही, तुमचे साहेब कसे होते ते.

"ती गाठ बघितलीस का दोरीची?"

"बघितली की."

"मग झालं," मी म्हणालो. "साहेबांना बघून आलीस."